गृहकर्ज फिटलं, पण बोजा उतरला का?

पाऊलवाट

वकिलांच्या कार्यालयात मिळकतींचे शोध अहवाल काढायचं काम मी करतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याचं प्रकरण असो, एक प्रकार हमखास सापडतो. घराचं कर्ज केव्हाच फिटलेलं, बँकेनं मूळ कागद परत दिलेले, घरच्यांच्या लेखी विषय संपलेला. आणि सातबारा काढून बघावा, तर इतर हक्काच्या रकान्यात बँकेचं नाव, कर्जाची रक्कम आणि फेरफार क्रमांक जसेच्या तसे. हे कळतं कधी? घर विकायला काढल्यावर, तेच घर पुन्हा तारण ठेवायची वेळ आल्यावर, नाहीतर वारसनोंद करताना. म्हणजे नेमकं घाईच्या वेळी. म्हणून हा धागा काढतोय.

कर्ज फिटणं हा तुमचा आणि बँकेचा व्यवहार. बोजा, म्हणजे मिळकतीवरची कर्जाची नोंद, उतरणं हे दप्तरातलं काम, आणि ही दप्तरं वेगवेगळ्या कार्यालयांत असतात. एका ठिकाणी नोंद निघाली म्हणून दुसरीकडची आपोआप निघत नाही. बँक तुमच्या हातात बेबाकी दाखला देते, त्यालाच कुणी एनओसी म्हणतं, कुणी नो ड्यूज. तो दाखला म्हणजे बोजा उतरवण्यासाठी लागणारा पुरावा. दाखला मिळाला म्हणजे बोजा उतरला, असं नाही.

एनए प्लॉटवर किंवा गावाकडच्या जागेवर घर बांधलं असेल तर सातबारा बघा. शहरात नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उताराही काढा, काही ग्रामपंचायती त्यावर बँकेचा शेरा मारून ठेवतात. याशिवाय 'सेरसाई' नावाची केंद्रीय नोंदवही आहे. २०११ पासून बँका तारण मिळकतींची नोंद तिथे करतात, आणि कर्ज फिटल्यावर ती नोंद बंद करणं हे बँकेचंच काम आहे.

रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवहीतला बोजाही काढायचा, असं त्यात स्पष्ट आहे. बँकेच्या कारणानं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांची कागदपत्रं परत करायची वेळ आली त्या सगळ्यांना हे लागू आहे. बँका, सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या, सगळ्या यात येतात.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लिहा. अडलेल्यांनीही लिहा, माहीत आहे तेवढं सांगतो.

निशिगंध

चांगला धागा. आमचा फ्लॅट आहे, मागच्याच महिन्यात कर्ज संपलं. फ्लॅटचा स्वतंत्र सातबारा नसतो, मग आम्ही नेमकं काय बघायचं? बँकेच्या ताईंनी एनओसी आणि फाइल दिली आणि "आता काही राहिलं नाही" असं सांगितलं.

पाऊलवाट

निशिगंध, फ्लॅटला सातबाऱ्याचा प्रश्न सहसा येत नाही, पण तीन गोष्टी बघाच.

पहिली, सेरसाई. त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही नाममात्र शुल्क भरून मिळकतीचा शोध घेता येतो. तुमच्या मिळकतीवरची नोंद बंद झालेली दिसली पाहिजे. शोधाचा निकाल छापून एनओसीबरोबर ठेवा. बँकेकडेही नोंद बंद केल्याचा कागद मागा, त्यांच्याकडे तो निघतो.

दुसरी, सोसायटी. कर्ज घेताना बँकेनं सोसायटीला पत्र दिलेलं असतं आणि सोसायटीनं आपल्या नोंदवहीत बोजा लिहिलेला असतो. तो काढायला बँक सोसायटीकडे जात नाही. एनओसीची प्रत जोडून सचिवांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. पुढे फ्लॅट विकताना बहुधा सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितला जातो, तेव्हा जुनी नोंद बघून नवे सचिव अडून बसतात. तोपर्यंत जुने पदाधिकारी बदललेले असतात आणि कुणाला काही आठवत नाही.

तिसरी गोष्ट दुय्यम निबंधक कार्यालयातली. मूळ करारनामा बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची 'नोटीस ऑफ इंटिमेशन', म्हणजे असं कर्ज घेतल्याची सूचना, महाराष्ट्रात २०१३ पासून भरावी लागते. कर्ज घेतल्यावर बँकेनं तुमच्याकडून ती ऑनलाइन भरून घेतली असेल, आठवून बघा. ती मिळकतीच्या शोधात दिसते आणि दिसत राहते. पुढचा खरेदीदार किंवा त्याचा वकील ती बघूनच विचारेल, की हे कर्ज फिटल्याचा कागद कुठे आहे. म्हणून मूळ एनओसी शेवटपर्यंत जपायची. घर विकलं की ती खरेदीदाराला करारनाम्याबरोबर द्यायची, आपल्याकडे प्रत ठेवायची.

कातळ

बँकेत आयुष्य काढून निवृत्त झालो. कर्ज विभागात बराच काळ होतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

तुमचे कागद शाखेत नसतात. बहुतेक मोठ्या बँकांचं कागदपत्रांचं कोठार मध्यवर्ती असतं, कधी दुसऱ्या शहरात. कर्ज बंद झालं की शाखा मागणी पाठवते, मग फाइल येते. म्हणून "उद्या या" असं सांगणाऱ्या शाखेतल्या माणसावर रागावून उपयोग नसतो, पण मागणी कोणत्या तारखेला पाठवली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तेच त्याला लिहून द्यायला सांगा. परिपत्रकाप्रमाणे कागद कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की ते जिथे उपलब्ध असतील त्या दुसऱ्या कार्यालयातून, हे कर्जदारानं ठरवायचं असतं.

आता महत्त्वाचं. कर्ज घेताना बँकेनं जमा कागदांची यादी दिलेली असते, आम्ही तिला एलओडी म्हणतो. फाइल हातात आली की ती यादी समोर ठेवून तिथेच, काउंटरवरच, एकेक कागद मिळवून बघा. घरी नेऊन बघू म्हणू नका. करारनाम्याचं पान न पान उलटा. दुय्यम निबंधकाचा शिक्का आणि दस्त क्रमांक असलेली पानं शाबूत आहेत का, मागच्या बाजूला अंगठ्यांचे ठसे आणि फोटो असलेलं पान आहे का, नोंदणी फीची मूळ पावती आहे का, हे पाहा. पावती लहानशी असते, ती नेमकी सुटते. जुन्या घराचे मागचे करार, म्हणजे तुमच्या आधीच्या मालकाचे, तेही मूळ दिलेले असतील तर तेही मूळच परत यायला हवेत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुद्रांक शुल्काचं चलन, सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा). सगळं मिळाल्यावरच "कागदपत्रे मिळाली" यावर सही करा. एखादा कागद कमी असेल तर सहीच्या वर तसं स्वतःच्या अक्षरात लिहा.

आणि एनओसी वाचा. कर्ज खाते क्रमांक, सगळ्या सहकर्जदारांची नावं, मिळकतीचं पूर्ण वर्णन आणि 'आमचा या मिळकतीवर कोणताही बोजा वा हक्क राहिलेला नाही' या अर्थाचं वाक्य, एवढं त्यात असलंच पाहिजे. नुसतं "खाते बंद झाले आहे" असं पत्र तलाठी कार्यालयात चालत नाही.

शेतबांध

कातळकाका, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. आमच्याकडे घर गट नंबरवर आहे. बँकेच्या पहिल्या पत्रात गट क्रमांकच नव्हता, म्हणून तलाठी आप्पांनी ते परत केलं. दुसरं पत्र आणल्यावर काम सरळ झालं.

सातबाऱ्याची पद्धत सांगतो. ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर आपणच नोंदणी करून अर्ज भरू शकतो, त्यात 'बोजा कमी करणे' असा प्रकार निवडायचा. बँकेचं पत्र स्कॅन करून जोडायचं. अर्ज तलाठ्याकडे जातो, आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय. ते फेरफार घेतात, नोटीस निघते, १५ दिवसांचा काळ हरकतीसाठी असतो. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मधल्या काळात 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस दिसते, आणि सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफारही दिसतो. तो दिसतोय म्हणून काम झालं असं समजू नये. प्रमाणित झाल्यावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून काढावा.

पूर्वी कमी केलेल्या बोजाला कंस करायचे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ मारलेली दिसते. बँकेचं नाव दिसतंय म्हणून दचकू नका, त्यावर रेघ आहे का ते बघा. माझ्या मेव्हण्यांनी तेवढ्यावरून मला रात्री फोन केला होता.

रानजाई

आमच्या सासऱ्यांनी घरासाठी देना बँकेचं कर्ज घेतलं होतं, ते केव्हाच फिटलं. प्रॉपर्टी कार्डावर अजून देना बँकेचाच बोजा आहे. ती बँक तर आता नाहीच. मग पत्र कुणाकडून आणायचं? सासरे थकलेत, त्यांना सारखं कुठे नेता येत नाही.

पाऊलवाट

रानजाई, देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. विलीनीकरणात येणी-देणी, तारणं, दप्तर सगळं त्या बँकेकडे जातं. त्यामुळे पत्र बँक ऑफ बडोदाचं लागेल, आणि त्यात 'पूर्वीची देना बँक, शाखा अमुक' असा उल्लेख हवा, म्हणजे मिळकत पत्रिकेवरच्या नावाशी त्याची सांगड बसते.

घरात शोधा: जुनं पासबुक, कर्ज बंद झाल्याचं पत्र, हप्त्यांच्या पावत्या. खाते क्रमांक मिळाला की बँकेचं काम सोपं होतं. सासऱ्यांच्या वतीनं तुमच्या यजमानांना अधिकारपत्र देऊन काम करता येईल, फक्त आधी शाखेत विचारून घ्या की साधं चालेल की नोटरी केलेलं. मिळकत पत्रिकेचा अर्ज तलाठ्याकडे जात नाही, तो भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयात द्यायचा.

दिगंतर

धागा वाचतोय आणि मला राहवत नाही. बोजा चढवताना कर्जदाराला काही करावं लागलं का? बँकेनं आपला माणूस पाठवून आठवड्यात चढवून घेतला. मग उतरवताना अर्ज आम्ही करायचे, पोच आम्ही घ्यायची, संकेतस्थळं आम्ही तपासायची? रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ म्हणतो की कोणत्याही नोंदवहीतला बोजा बँकेनं काढायचा. तुम्ही सगळे लोकांना बँकेचं काम करायला शिकवताय. उलट ३१ व्या दिवशी प्रत्येकानं रोजच्या ५,००० रुपयांचा दावा लावला पाहिजे. चार ठिकाणी भुर्दंड बसला की आपोआप सुधारतील.

कातळ

दिगंतर, नियम तुमच्या बाजूनं आहे, आणि तो तसा असायलाच हवा होता. नोकरीत असताना मी स्वतः पाहिलंय की कर्ज वसुलीचा पाठपुरावा जितका होतो, त्याच्या निम्माही कागद परत देण्याचा होत नसे. दावा जरूर लावा. पण तो टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पूर्ण परतफेडीची तारीख पक्की हवी आणि उशीर बँकेच्याच बाजूनं झाला हे दिसायला हवं. बँकेनं "कागद घेऊन जा" असा मेसेज पाठवलेला असेल आणि आपण गेलो नसू, तर त्या दिवसांचा दावा लंगडा पडतो. म्हणून कर्ज बंद करायच्या दिवशीच शाखेला लेखी द्या: आज पूर्ण रक्कम भरली, कागद अमुक शाखेतून घेणार आहे, बोजा काढल्याचं कळवावं. ईमेल केला तरी चालतो. ३० दिवस उलटले की उशिराचं कारण लेखी मागा. कारण कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

तरीही बँकेनं दाद दिली नाही, तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे तक्रार करा. त्यांनी ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

पाऊलवाट

कातळकाकांच्या म्हणण्यात माझी भर. दिगंतर, तुमचा राग योग्य आहे, पण नोंद शिल्लक राहिली तर अडतं कुणाचं? ज्याचं घर आहे त्याचं. बँकेला त्या जुन्या नोंदीनं काडीचा त्रास होत नाही. भरपाईचा दावा आणि सातबाऱ्याचा अर्ज ही दोन्ही कामं बरोबरीनं करा, एकासाठी दुसरं थांबवू नका. जे १ डिसेंबर २०२३ च्या आधीच कागद घेऊन बसलेत त्यांना तर हे परिपत्रक नाही, त्यांना अर्जाशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागत नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे. ग्रामीण भागात पतसंस्थेचे बोजे भरपूर असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ओंजळ

माझ्या मिस्टरांच्या नावावर कर्ज होतं, मी सहकर्जदार. ते गेल्यानंतर कर्जाच्या विम्यातून बाकी रक्कम फिटली. बँक कागद द्यायला तयार आहे, पण आधी वारस दाखला आणा म्हणते. सोसायटी म्हणते बोजा काढल्याशिवाय फ्लॅट तुमच्या नावावर करायचा अर्ज घेणार नाही. मी दोघांच्या मधे अडकले आहे. कुणी नीट सांगेल का?

कातळ

ताई, आधी बँकेचं. कर्जदार हयात नसेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची ठरलेली पद्धत प्रत्येक बँकेनं लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवायची, असं त्याच परिपत्रकात आहे. ती पद्धत छापून घेऊन जा. तिथे जे मागितलंय तेवढंच द्यायचं, काउंटरवरच्या माणसाला आठवेल ते नाही. तुम्ही सहकर्जदार आहात. करारनाम्यात फ्लॅटच्या मालक म्हणूनही तुमचं नाव आहे का, ते आधी बघा. असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते, तसं अर्जात ठळक लिहा. नसेल तर बँक बाकीच्या वारसांची संमती मागेल, आणि ते मागणं गैर नाही.

कागदांना वेळ लागत असेल तरी एनओसी आधी मागा. खातं बंद झाल्याचं आणि बोजा नसल्याचं पत्र द्यायला वारस दाखल्याची वाट बघायचं कारण नाही, कारण त्यात कुणाच्या ताब्यात काही जात नाही. ते पत्र सोसायटीत द्या, म्हणजे तिथला मार्ग मोकळा होईल.

पाऊलवाट

ओंजळताई, सोसायटीत नामनिर्देशन केलेलं होतं का? असेल तर सभासदत्व नामनिर्देशिताच्या नावे करता येतं, मात्र मालकी वारसांचीच राहते. मुलं असतील तर त्यांच्या हक्काचं पुढे बघावं लागेल. मिस्टरांची एखादी आयुर्विमा पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केलेली, म्हणजे तिचा हक्क बँकेला लिहून दिलेला असेल तर तीही तपासा. कर्ज विम्यातून फिटलं तरी ती दुसरी पॉलिसी बँकेच्या नावावर राहिलेली असू शकते. ती परत आपल्या नावे करून घेतल्याशिवाय दावा भरू नका.

घराचा आगीचा वगैरे विमा असेल तर त्यातही बँकेचं नाव असतं. नूतनीकरणाच्या वेळी ते काढायला सांगा.

ओंजळ

करारनाम्यात दोघांची नावं आहेत. एनओसीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी जाते.

उंबरठा

मी उलट बाजूनं विचारतो. जुना फ्लॅट घेतोय. सध्याच्या मालकांनी एका बँकेचं कर्ज मधे दुसऱ्या बँकेत हलवलं होतं. दुसऱ्या बँकेचं चालू आहे, ते आमच्या पैशातून फिटणार. पण सेरसाईच्या शोधात पहिल्या बँकेची नोंदही अजून दिसते. मालक म्हणतात "ते तर कधीच संपलं". मी काय करू?

पाऊलवाट

कर्ज हलवलं की असं वरचेवर होतं. पहिल्या बँकेला दुसऱ्या बँकेकडून पैसे मिळाले, कागद थेट दुसऱ्या बँकेकडे गेले, आणि नोंद बंद करायचं कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. मालक खरंच बोलत असतील. पण तुम्ही शब्दावर जाऊ नका. पहिल्या बँकेचं कर्ज बंद झाल्याचं पत्र त्यांच्याकडून घ्या आणि सेरसाईतली नोंद बंद करायला त्यांनाच त्या बँकेत अर्ज करायला लावा. नोंद निघाल्याशिवाय तुमची बँक कर्जाचे पैसे सोडणार नाही, हेही त्यांना सांगा, म्हणजे ते स्वतःच घाई करतील.

चालू कर्जाचं म्हणाल तर मालकांच्या हातात पैसे देऊ नका. त्यांच्या बँकेकडून दोन कागद मागवा: कोणत्या तारखेला किती भरलं की कर्ज बंद होईल याचं पत्र, आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. तेवढ्या रकमेचा धनाकर्ष (डीडी) थेट मालकांच्या कर्ज खात्याच्या नावे. उरलेले पैसे मूळ कागद तुमच्या किंवा तुमच्या बँकेच्या हातात आल्यावर. करारनाम्यात हा क्रम लिहून घ्या.

कातळ

त्या पत्रातली रक्कम ठरावीक दिवसापुरतीच असते. दोन दिवस उशीर झाला तर तेवढं व्याज वाढतं आणि खातं बंद होत नाही. किरकोळ बाकी राहिलेल्या खात्यांनी लोकांना फार छळलंय. त्यात पुढच्या महिन्याचा हप्ता आपोआप कापला जातो, तो वेगळाच. म्हणून बंद करण्याच्या दिवशी ताजा आकडा घ्या आणि हप्त्याचा नॅच आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, रद्द करायचा अर्जही त्याच दिवशी द्या. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. त्या आकड्यात असा काही दंड दिसला तर विचारा.

शेतबांध

मला एक विचारायचंय. भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी त्याच बँकेत जामीन आहे. माझं घराचं कर्ज फिटलं, पण मॅनेजर म्हणतात भावाचं फिटेपर्यंत घराचे कागद देता येणार नाहीत. हे बरोबर आहे का?

कातळ

घराचे कागद भावाच्या कर्जाला तारण म्हणून तुम्ही सहीनिशी दिले होते का, हा पहिला प्रश्न. दिले असतील तर त्यांचं बरोबर आहे. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज घेतलेल्यांचंही तसंच, दोन्ही खाती बंद झाल्याशिवाय कागद सुटत नाहीत. तारण दिले नसतील, नुसती जामीनकी असेल, तर बँक करार कायद्याच्या कलम १७१ चा आधार घेते, त्यात बँकेकडे आलेल्या मालावर सर्वसाधारण धारणाधिकार, म्हणजे येणं फिटेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क, दिलेला आहे. पण ठराविक कर्जासाठी दिलेले कागद दुसऱ्याच कर्जासाठी अडवायचे, यावर भांडायला जागा आहे. विशेषतः भावाचे हप्ते वेळेवर जात असतील तर. मॅनेजरसाहेबांकडून कोणत्या कराराच्या कोणत्या अटीनुसार अडवताय, हे लेखी घ्या. पुष्कळदा लेखी मागितलं की कागद निघतात.

पाऊलवाट

एक प्रकार राहिला. काहींचं गहाणखत दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेलं असतं. राज्य सरकारच्या नोकरीतल्यांनी घरबांधणी अग्रिम, म्हणजे घरासाठी सरकारकडून कर्ज, घेतलं असेल तर राज्यपालांच्या नावे गहाणखत केलेलं असतं, सहकारी बँकाही नोंदणीकृत गहाणखत करतात. अशा वेळी एनओसी पुरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे कर्ज फेडल्यावर गहाणखत आणि कागद परत मागायचा, तसंच पुनर्हस्तांतरणाचा (मिळकत परत आपल्या नावे केल्याचा) दस्त किंवा कर्ज फिटल्याची नोंदणीकृत कबुली करून मागायचा हक्क कर्जदाराला आहे. त्या दस्ताचा खर्च मात्र आपला. निवृत्त होताना अनेकजण पेन्शनच्या कागदांत गुंतलेले असतात आणि हा दस्त राहून जातो. पुढे कार्यालयातली ती फाइल शोधणं फार जड जातं, तेव्हा निवृत्तीआधीच करून घ्या.

निशिगंध

माझी फाइल आज यादीशी ताडून बघितली. नोंदणी फीची मूळ पावती खरंच नाही! कातळकाका, आता?

कातळ

यादीत ती पावती लिहिलेली आहे आणि बँकेच्या शिक्क्यानिशी यादी तुमच्याकडे आहे, हे पक्कं करा. मग आजच शाखेला लेखी कळवा. बँकेकडून कागद गहाळ झाला तर त्याची नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवायला मदत करणं आणि त्याचा खर्च सोसणं, दोन्ही बँकेवर आहे. त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६०, आणि त्यानंतर रोजची भरपाई सुरू होते. कागद हरवल्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या, करारनाम्याबरोबर ते कायम लागेल.

दिगंतर

सिबिल, म्हणजे कर्जांचा इतिहास ठेवणारी संस्था, तिचंही लिहा कुणीतरी. माझं कर्ज बंद होऊनही तिथे चालूच दिसत होतं.

कातळ

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे महिन्याभरात 'बंद' दिसायला हवं. नाही दिसलं तर सिबिलच्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाली लागली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीनं मिटवलेलं, असा शेरा दिसला तर लगेच हरकत घ्या. पूर्ण फेडलेल्या कर्जाला तो शेरा लागता कामा नये, पुढच्या कर्जाला तो आडवा येतो.

रानजाई

बँकेचं पत्र मिळेल असं दिसतंय, जुन्या पासबुकावर खाते क्रमांक सापडला. अर्ज कसा लिहायचा तेवढा मसुदा द्याल का? सासरे म्हणतात साध्या कागदावर चालतो.

पाऊलवाट

साध्या कागदावर चालतो. सातबाऱ्यासाठीचा देतो, मिळकत पत्रिकेसाठी 'प्रति' मध्ये नगर भूमापन अधिकारी आणि गट क्रमांकाऐवजी न.भू.क्र. (नगर भूमापन क्रमांक) लिहा. फेरफार क्रमांकाच्या जागी पत्रिकेवरच्या बोजाच्या नोंदीची तारीख येईल.

"प्रति, ग्राम महसूल अधिकारी, मौजे ____, ता. ____, जि. ____.
विषय: गट क्र. ____ वरील बँकेच्या बोजाची नोंद कमी करण्याबाबत.
महोदय, वरील गटातील माझ्या नावे असलेल्या क्षेत्रावर फेरफार क्र. ____, दि. ____ अन्वये ____ बँक, शाखा ____ यांचा रु. ____ चा बोजा इतर हक्कात दाखल आहे. सदर कर्ज दि. ____ रोजी पूर्ण फेडले असून बँकेने जा.क्र. ____, दि. ____ चे पत्र दिले आहे. तरी सदर बोजा कमी करण्याचा फेरफार घ्यावा, ही विनंती.
सोबत: बँकेचे मूळ पत्र, चालू सातबारा, बोजा चढवल्याच्या फेरफाराची प्रत, ओळखपत्र."

बोजा चढवल्याच्या फेरफाराची प्रत आवर्जून जोडा. ती जोडली की कोणती नोंद कमी करायची याबद्दल शंका उरत नाही, विशेषतः एकाच बँकेचे दोन बोजे असतील तर. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक टाकून घ्या.

निशिगंध

सोसायटीच्या अर्जात गट क्रमांकाच्या जागी काय लिहू?

पाऊलवाट

सदनिका क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि बँकेनं सोसायटीला बोजाचं पत्र दिलं होतं त्याची तारीख. पत्राची तारीख माहीत नसेल तर सचिवांना नोंदवहीत बघून सांगायला सांगा, आणि नोंद कमी केल्याचं पान तिथेच मोबाइलमध्ये टिपून घ्या.